डावी फळी, उजवी फळी

मी सहा वर्षं विमानतळावर नोकरी केली, असं सांगितलं की माझी नातवंडं माझ्याकडे आदराने बघतात. मग मी खरं काय ते सांगतो आणि आदर ओसरतो. जालन्याबाहेर एक लांबलचक माळ, त्याच्या दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेले दगड, मधोमध एक पत्र्याची खोली आणि खोलीशेजारी खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. संपला विमानतळ. गावातले लोक त्याला हवाई जहाजाचं मैदान म्हणत. महिन्यातून एखाददुसरं विमान उतरायचं, तेही चार माणसं कशीबशी मावतील एवढं, कुणी मोठा साहेब दौऱ्यावर असला तर. बाकीचे दिवस आमचं मुख्य काम म्हणजे शेळ्या हाकलणं आणि पावसाने धुतलेल्या दगडांना पुन्हा चुना लावणं.

आमचं म्हणजे दोघांचं. मी कारकून आणि मामा मिस्त्री. मामा माझे कुणी लागत नव्हते. त्यांना सगळेच मामा म्हणत, स्टेशनमास्तरपासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत. बदनापूरच्या पुढे दोन कोसांवर त्यांचं गाव. सकाळच्या पॅसेंजरने ते जालन्याला उतरायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. घरी थोडी शेती होती, ती भाऊ बघायचा. शाळा निजामाच्या काळातली, म्हणून सही उर्दूत. एवढा तुळशीची माळ घातलेला माणूस, आणि सही करताना लेखणी उजवीकडून डावीकडे झरझर चालायची. मला त्याची फार गंमत वाटे.

निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईनंतर दोन-अडीच वर्षांनी मी तिथे लागलो. वय चोवीस, नवीन लग्न आणि राग नाकावर. पकड कुठली आणि पाना कुठला हेसुद्धा मला कळत नव्हतं, पण खुर्ची माझी होती आणि स्टूल मामांचं होतं, एवढ्यावर मी साहेब झालो होतो. पहिल्याच आठवड्यात एक विमान उतरलं, वैमानिकाने काही मागितलं आणि मी भलतंच पुढे केलं. तो हसला. माझं डोकं सणकलं. मामांनी न बोलता योग्य वस्तू माझ्या हातात ठेवली, मीच शोधून काढल्यासारखी ती त्याला द्यायला लावली, आणि नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या भाकरीनंतर ते मला एकेक हत्यार दाखवू लागले. कशाला काय म्हणतात, कुठे धरतात, कुठे बोट चेमटतं. मी शिकलो असं मला कधी वाटूच दिलं नाही त्यांनी. मला तो माणूस मनापासून आवडायचा. माझ्या वडिलांशी मी जेवढा बोललो नसेन तेवढा त्या पत्र्याच्या खोलीत मामांशी बोललो.

त्या खोलीत आमची खरी दौलत होती, ती म्हणजे बत्तीस कंदील. आमच्या मैदानावर अंधारात विमान उतरवायची परवानगीच नव्हती. पण एखाद्याला उशीर झाला आणि दिवस मावळला तर काय करायचं, म्हणून हे अडीअडचणीचे दिवे. चोवीस साध्या काचेचे, ते मैदानाच्या दोन्ही कडांना ओळीने लावायचे. चार हिरव्या काचेचे आणि चार लाल. विमान वाऱ्याच्या तोंडाला तोंड देत उतरतं. म्हणून ते ज्या टोकाकडून आत येणार तिथे हिरवे आणि जिथे मैदान संपतं तिथे लाल. अंधारात वैमानिकाला वाऱ्याची पिशवी दिसत नाही, दिवेच दिसतात. हिरव्याकडून शिरायचं, लालच्या अलीकडे थांबायचं, इतकं ते सोपं होतं.

खोलीत पाठच्या भिंतीला दोन फळ्या होत्या. डाव्या फळीवर हिरवे, उजव्या फळीवर लाल, आणि साधे कंदील खाली जमिनीवर. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मामा एकेक कंदील उतरवायचे, वात कापायचे, तेल भरायचे, पेटवून बघायचे, विझवायचे, पुसायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. मग मी फॉर्म भरायचो. वाती बरोबर, तेल बरोबर, काचा शाबूत, रंग बरोबर. खाली दोन सह्यांची जागा होती. एक काम करणाऱ्याची, दुसरी ते काम स्वतः पाहून तपासणाऱ्याची. मामा दारातून म्हणायचे, "बराबर हाय बाबू." मी दोन्ही ओळींवर बोट ठेवायचो, ते त्यांची सही करायचे, मी माझी करायचो, आणि फॉर्म हैदराबादला जायचा.

मी कधीही उठून पाहिलं नाही. आळस म्हणून नव्हे, हे मी आजही छातीठोक सांगतो. शेळ्या हाकलायला मी अर्धा मैल पळायचो, तर दहा पावलं चालायला मला काय झालं होतं? पण ज्या माणसाने मला पकड धरायला शिकवली, त्याच्या मागे जाऊन त्याचे दिवे हुंगायचे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. कुणाच्या घरी पानावर बसल्यावर घरच्या बाईसमोर आमटी आधी चाखून बघावी, तसं ते वाटायचं. आमच्याकडे वडीलधाऱ्याने बराबर म्हटलं की बराबर.

त्या वर्षी मामांच्या घरी नवरात्रात घट बसले होते आणि त्यांना घरी राहणं भाग होतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. दरवर्षी ती मामा करायचे. जाताना त्यांनी मला सांगितलं, की या वर्षी तेवढी पूजा बराबर करा, बाकी काही न्हाई केलं तरी चालंल. मला कोण आनंद झाला. मामांनी आपलं काहीतरी माझ्यावर सोपवलं होतं.

मी सकाळी सातलाच गेलो. सगळे बत्तीस कंदील बाहेर काढले, राखेने घासले, काचा सोडवून धुतल्या, जुन्या वर्तमानपत्राने लख्ख पुसल्या. सतरंजीवर सगळं मांडलं. पकडी, पाने, हातोड्या, तेलाची बुधली, आणि कंदील नक्षीसारखे, एक लाल एक हिरवा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. तिथून जाणाऱ्या एका गाडीवानाला हाक मारून प्रसाद दिला. मग सगळं परत ठेवायला घेतलं. डाव्या फळीच्या वर मामांनी देवीची तसबीर टांगलेली होती. नवमीचा दिवस, आणि तसबिरीखाली हिरवे कंदील ठेवायचे? मला ते बरं दिसेना. लाल म्हणजे कुंकवाचा रंग, त्याचा मान देवीजवळ. मी चारही लाल कंदील डाव्या फळीवर ठेवले, हिरवे उजव्या फळीवर, आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. फार छान दिसत होतं.

मामा एकादशीला आले. सतरंजीवरचं कुंकू अजून होतं, ते बघून खूश झाले. महिनाअखेरीला त्यांनी कंदील तपासले आणि दारातून म्हणाले, "बराबर हाय बाबू." आम्ही दोघांनी सह्या केल्या.

कार्तिकातल्या एका दुपारी हैदराबादहून विमान यायचं होतं, आमच्या भागात दौऱ्यावर आलेल्या एका साहेबाला घेऊन जायला. वेळ चारची. साहेब साडेतीनपासून माझ्या खुर्चीवर बसलेला. चार वाजले, पाच वाजले, विमानाचा पत्ता नाही. दिवस लहान झाले होते. नियम असा, की विमान अपेक्षित आहे आणि सूर्य बुडायला आला, तर दिवे लावायचे. माझ्या पाच वर्षांत ही वेळ पहिल्यांदा आली होती. मामा मात्र अगदी शांत होते. त्यांनी हातगाडी काढली, कंदील भरले. वारा पूर्वेकडून होता, म्हणजे विमान पश्चिमेकडून शिरणार. मामा गाडी ढकलत आधी पूर्वेच्या टोकाला गेले आणि तिकडून दोन्ही कडांचे साधे कंदील पेटवत पश्चिमेला आले. नियमात असंही होतं, की कारकुनाने मागून जाऊन बघावं. मी साहेबासाठी चहा करत होतो.

चहाचा कप साहेबाच्या हातात देऊन मी बाहेर आलो. संधिप्रकाशात कंदिलांच्या दोन ओळी अशा सुरेख दिसत होत्या की माझा ऊर भरून आला. मग मी पश्चिमेकडे बघितलं. तिथे चार लाल दिवे होते.

आधी मला वाटलं की मीच दिशा विसरलो. मी पिशवीकडे बघितलं. ती पश्चिमेला ताठ झाली होती, वारा पूर्वेचाच होता. पूर्वेला वळून बघितलं तर तिकडे हिरवे. मी पळत सुटलो. मामांना हाका मारत होतो, पण ते पाव मैलावर होते, आणि एवढ्यात इंजिनाचा आवाज आला.

विमानाने एक फेरी घातली. वैमानिकाने दिवे बघितले, आणि दिव्यांनी जे सांगितलं ते त्याने केलं. पूर्वेच्या हिरव्यांकडून तो आत आला, वारा पाठीशी घेऊन. असं उतरलेलं विमान थांबता थांबत नाही. ते माझ्या समोरून गेलं, गेलं आणि जातच राहिलं. पश्चिमेच्या टोकाला मामा उभे होते, गुरं आत शिरू नयेत म्हणून. मला ते एकदा दिसले आणि मग विमानामागे दिसेनासे झाले. लाल कंदील उडवून विमान मैदानाबाहेर गेलं, तुरीच्या शेतात घुसलं आणि बांधाला नाक लावून थांबलं.

मी पोहोचलो तेव्हा मामा जिवंत होते, एवढंच मला आधी कळलं. बाजूला उडी मारताना धोतर फाटलं होतं आणि कोपर सोललं होतं. त्यांनी वैमानिकाला बाहेर काढून तुरीच्या ओळीत बसवलं होतं आणि आपल्या पटक्याने त्याचं कपाळ दाबून धरलं होतं. पंचविशीचा मुलगा तो. भुवईवर चांगलीच खोक पडली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं, पण तो शुद्धीवर होता आणि बोलत होता. विमानाचा पंखा मोडला होता. बाकी, देवाची कृपा, काही नाही.

माझी भीती गेली आणि राग आला. नेहमीसारखाच, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसावर. एक कंदील पेटता राहिला होता, तो मी उचलला आणि मामांच्या तोंडासमोर धरला. त्या जखमी मुलासमोर मी त्यांच्यावर ओरडलो, की हे काय लावलंत तुम्ही इथे.

मामांनी कंदिलाकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा कंदिलाकडे.

"लाल हाय का ह्यो?" ते म्हणाले.

त्यांनी ते इतकं हळू विचारलं की मी कंदील खाली घेतला. वैमानिकाला दवाखान्यात पाठवलं, साहेब कुरकुरत रेल्वेने गेला, आणि मग खोलीत बसून मामांनी मला सांगितलं. लहानपणापासून त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता. एक जरा मळकट दिसायचा आणि एक जरा उजळ, आणि काचेला काजळी धरली की तेही नाही. नोकरीला लागताना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. डावी फळी हिरवी, उजवी फळी लाल. पहिल्या दिवशी कुणीतरी दाखवलं तसे ते चौदा वर्षं कंदील उतरवत आणि जागच्या जागी ठेवत आले होते. "म्या रंग न्हाई वळखत बाबू, फळी वळखतो," ते म्हणाले. "पण फळी कशी काय चुकली, त्येच कळून न्हाई राह्यलं."

मला कळत होतं. देवीची तसबीर माझ्या डोळ्यांसमोरच होती. आणि मी बोललो नाही.

तीन दिवस मी बोललो नाही. ते तीन दिवस आठवले की आजही माझी मलाच चीड येते. मामा रोज येऊन त्या फळ्यांसमोर उभे राहायचे. हात उचलायचे, हवेतच कंदील उतरवल्यासारखं करायचे, पुन्हा ठेवल्यासारखं करायचे. कुठे चुकलो हे शोधत होते. डोळ्यांचा भरवसा त्यांना कधीच नव्हता, हातांचा होता, आणि आता तोही गेला होता. जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं. पूजा, नक्षी, कुंकवाचा रंग, सगळं.

मला वाटलं ते रागावतील. मी तरी आकांडतांडव केलं असतं. त्यांनी आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघितले.

"म्हंजे माझे हात न्हाई चुकले," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग आम्ही पुढचं बोललो. चौकशीला हैदराबादहून अधिकारी येणार होता. मामांच्या नोकरीचे चौदा महिने राहिले होते, पुढे पेन्शन. रंग न कळणारा माणूस रंगीत दिवे सांभाळत होता आणि त्याने ते लपवलं, असं कागदावर आलं की नोकरी जाणार आणि पेन्शनही जाणार. धाकटी मुलगी अजून लग्नाची होती. मी म्हटलं, मामा, चूक माझी आहे. कंदील मी बदलले आणि न बघता सही मी केली. हेच सांगायचं आणि इथेच थांबायचं. तुमच्या डोळ्यांचा विषयच निघायला नको. मामा काही बोलले नाहीत. मी ते हो समजलो.

अधिकारी आला तो वयस्क, सावकाश बोलणारा माणूस होता. हिंदुस्तानीत विचारायचा आणि इंग्रजीत लिहायचा. त्याने फॉर्म पुढे ठेवला. मी माझं सांगितलं. तो लिहीत गेला. मग त्याने लेखणी थांबवली आणि मामांना विचारलं, की कारकुनाने कंदील बदलले हे ठीक, पण लावले तर तुम्ही. पेटलेला दिवा हातात होता, तेव्हा तो लाल आहे हे दिसलं नाही का?

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, काचांवर काजळी होती साहेब, अंधार पडला होता. धडधडीत खोटं. मीच त्या काचा पुसल्या होत्या.

मामा स्टुलावरून उठून उभे राहिले. त्यांना हिंदुस्तानी चांगली यायची, पण ते आपल्याच भाषेत बोलले.

"काजळी बिलकुल न्हव्हती, साहेब. मला लाल-हिरवं कळत न्हाई. जन्मापून न्हाई. बाबूनं माझ्या भरवशावर सही केली, अन् म्या त्याला भरवसा दिल्ता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोराचं कपाळ म्या धरलं व्हतं. रगत थांबून न्हाई राह्यलं. आता फुडच्या वक्ताला पुन्हा म्याच दिवे लावायचे, अन् बाबूनं पुन्हा सही करायची, व्हय?"

अधिकाऱ्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्याने भाषांतर मागितलं नाही. त्याने आपल्याजवळचे सगळे जुने कागद काढले, मामांच्या नेमणुकीपासूनचे, आणि तासभर चाळत बसला. मामा उभेच. शेवटी त्याने सांगितलं, की दिव्यांचं काम मिस्त्रीकडून आजपासून काढून घ्यावं. मात्र नोकरीला घेताना त्यांची नजर कुणी तपासलीच नाही, तसा रकानाच कुठे नाही. जे कुणी विचारलं नाही ते लपवलं असं तो लिहिणार नव्हता. उरलेले चौदा महिने मामांनी मैदानाची राखण करावी. मला लेखी ताकीद मिळाली आणि ती मी जपून ठेवली आहे. त्यात एकच आज्ञा होती, की तपासणाऱ्याने पेटलेला दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करू नये.

मामा राखणदार झाले. शेळ्यांशी त्यांचं माझ्यापेक्षा बरं जमायचं. माझ्याशी वागणं रतीभरही बदललं नाही, भाकरी तशीच अर्धी माझ्याकडे यायची. मीच अवघडलेला असायचो. त्यांच्यावर मी ओरडलो होतो ते मला गिळता येत नव्हतं, आणि माफी मागायला गेलं की ते काहीतरी दुसरं बोलायला लागायचे. संक्रांतीला त्यांनी घरी जेवायला बोलावलं तेव्हा मी ठरवलं, की आज मागायचीच.

मी पॅसेंजरने बदनापूरला उतरलो आणि दोन कोस चालत गेलो. मामा मळ्यात हुरड्यासाठी कणसं आणायला गेले होते. घरी मामी होत्या. ठेंगण्या, तरतरीत, बोलायला फटकळ. अंगणात तांबड्याभडक मिरच्या वाळत घातलेल्या. त्यांनी मला पाट दिला, तिळाची भाकरी वाढली, आणि मामा यायच्या आत मी जे त्यांना सांगायचं ते मामींनाच सांगून टाकलं. पूजेचं, सहीचं, ओरडल्याचं. आणि म्हटलं, डोळ्यांचं हे असं आहे, हे तुम्हालाही तेव्हाच कळलं असेल.

मामी हसल्या. म्हणाल्या, मला लग्नाच्या पहिल्या साली कळलं. हिरव्या मिरच्या तोडून आणा म्हटलं तर टोपलीत निम्म्या पिकलेल्या. एकदा झालं, दोनदा झालं. तेव्हापासून मिरच्या त्या स्वतः तोडत होत्या. बाजारातून लुगडं आणायचं तर त्या संगे जायच्या. टमाटे कधी आणायला सांगितले नाहीत, वांगी सांगायच्या. तीस वर्षं झाली. मामांनी कधी त्यांना सांगितलं नाही, आणि आपल्याला ठाऊक आहे असं त्यांनीही मामांना कधी कळू दिलं नाही.

मग त्यांनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तुमी पाच साल रोज त्यांच्या संग बसले बाबू. एका डब्यातलं जेवले. तुम्हाला कसं काय कळलं न्हाई?"

मी म्हटलं, मी त्यांच्या मागून कधी बघितलंच नाही मामी. त्यांचा मान म्हणून.

"आपलं माणूस म्हणल्यावर बघाया नको का?" मामी म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. दारात मामांची चाहूल लागली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.